एकाच पँटचे दोन तुकडे

मुलगा आणि सून दोघेही ठाण्याला नोकरी करतात, म्हणून नात दीड वर्षाची असल्यापासून आमच्याकडे जव्हारला होती. माझ्या पत्नीचं माहेर मोखाड्याकडचं, पोशेऱ्याचं. तिचं बोलणं तिकडचं, तेच नातीच्या तोंडी बसलं. 'नाही'चं 'नाय' झालं. सुनेला ते खुपायचं. नात तीन वर्षांची झाली तेव्हा सुनेने फोनवर स्पष्टच सांगितलं, "बाबा, दसऱ्याला येते. ती मागे पडतेय असं वाटलं तर घेऊन जाईन. नाहीतर जूनपर्यंत राहू दे."

सोबत एक व्हिडिओ पाठवला. वेगवेगळ्या कापडांचे चौकोनी तुकडे, प्रत्येकाची जोडी. मुलाचे डोळे बांधायचे आणि त्याने नुसत्या हाताने चाचपून जोड्या लावायच्या. मी तो पाहिला आणि म्हटलं, एवढंच ना, हे तर घरी होईल.

बाजारातून कापड आणतो म्हटलं तर पत्नीने अडवलं. आमच्यात लहान मुलाला कोरं कापड लावत नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेलंच बाळाच्या अंगाला लागायचं. "खळ असते त्या कोऱ्यात. तोंडात घालील ती," ती म्हणाली. मलाही ते पटलं. मग जुन्याची ट्रंक उघडली. माझी ऑफिसची पँट, खादीचा सदरा, तिचं सुती लुगडं, मखमलीचं पोलकं, साटीनचा परकर, टॉवेल, लोकरीची शाल आणि जामसरहून तांदूळ आलेलं गोणपाट. आठ प्रकार, सोळा तुकडे. पट्टी लावून प्रत्येक तुकडा चार इंचांचा कापला. पत्नीने कडा दुमडून शिवल्या. जोडी तपासता यावी म्हणून मागच्या बाजूला एका कपड्याला एका रंगाच्या दोऱ्याचा टाका घातला. जुन्या कपड्यात धड जागा किती उरते? एक तुकडा जिथून निघाला तिथून दुसरा निघत नव्हता. पँटचा एक बैठकीतून घेतला, एक पायाच्या दुमडीतून. लुगड्याचा एक पदराकडचा, एक निऱ्यांतला.

नात उघड्या डोळ्यांनी जोड्या भराभर लावायची. एकदाही चुकली नाही. पत्नी म्हणाली, "डोळे बांधून घेऊ का सराव?" मी नको म्हटलं. सुनेला बघायचंय ते खरं दिसू दे. आधीच घोकून घेतलं तर ती तपासणी कसली?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सून एकटीच आली. येताना शिरपामाळला उतरून फोटो काढले होते, ते दाखवले. चहा झाल्यावर मी तुकड्यांचा डबा पुढे ठेवला. "अरे वा, बाबा, तुम्ही बनवलं?" ती मनापासून हसली. तिनेच आपल्या ओढणीने लेकीचे डोळे बांधले.

नातीने गोणपाट बरोबर काढलं. टॉवेलही. मग पँटचा एक तुकडा उचलला, बोटांनी चोळला, आणि साटीनच्या शेजारी ठेवला. पँटचा दुसरा हातात दिला तर म्हणाली, "ह्यो नाय तसा." तो तिने खादीला लावला. लुगड्याच्या दोन तुकड्यांचीही अशीच फाटाफूट झाली. सून एकेक तुकडा उलटा करून दोरे बघत होती. लाल, निळा. हिरवा, पिवळा. आठातल्या तीनच जोड्या जुळल्या.

"बघितलंत?" ती हळू आवाजात म्हणाली.

मी पँटचे दोन्ही तुकडे घेतले आणि डोळे मिटले. बैठकीचा तुकडा खुर्चीवर घासून घासून गुळगुळीत झाला होता, बोट सरकत होतं. दुमडीतला अजून जाड, खरखरीत होता. रंग तेवढा एक. नात बरोबर सांगत होती. ते दोन सारखे नव्हतेच.

मी ते सुनेच्या हातात दिले. "तूच बघ. डोळे मिटून बघ."

तिने डोळे मिटले नाहीत. "बाबा, एकाच पँटचे आहेत, तुम्हीच दोरा घातलाय."

"दोरा माझा चुकला. पोर नाही चुकली."

पत्नी आतून म्हणाली, "अहो, खुर्चीत बसून पँट झिजवली तुम्ही, आणि नाव पोरीवर!" मी हसलो नाही. सुनेने मुलाला फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन माझ्याकडे दिला. "बाबा," तो म्हणाला, "आता कापडाला दोष देऊ नका ना. ती आमची मुलगी आहे, काळजी वाटते." मी म्हटलं, उद्या बाजारातून कोरं कापड आणतो, पुन्हा लावून बघा. तो म्हणाला, "कशाला त्रास घेता?"

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दोघी गेल्या. नातीने डबा काखेत धरला होता. स्टँडवर सुनेने तो सोडवून माझ्या हातात दिला. "तिथे सगळं रेडिमेड आहे, बाबा." नात खिडकीतून डब्याकडे हात करून रडत होती.

पंधरा दिवसांनी व्हिडिओ आला. रंगीत चटई, बांधलेले डोळे, आणि नात एकामागून एक जोड्या लावतेय. एकही चुकली नाही. बाजूला टाळ्या. खाली सुनेने लिहिलं होतं, 'बघा बाबा, पंधरा दिवसांत किती फरक!' तुकडे कोरे होते, प्रत्येक जोडी एकाच ताग्यातली. त्या दोनांत फरक असायला जागाच नव्हती. शेवटी कुणीतरी विचारलं, "अजून आहेत का?" आणि नात म्हणाली, "नाही." अगदी स्वच्छ, पुस्तकातलं.

ताग्याचं मी उत्तरात लिहायला घेतलं होतं. पत्नीने वाचलं. "पाठवा की," ती म्हणाली. "म्हणजे दिवाळीलाही पाठवायची नाहीत पोरीला."

मी ते पुसलं आणि अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. सुनेकडून लगेच हात जोडलेले आले.

टॉवेलच्या दोन तुकड्यांनी पत्नी आता गरम पातेलं उतरवते. बाकीचे चौदा डब्यात आहेत.