यादी कुणाच्या करंटवर?

एकशे बारावं नाव वाचलं आणि लॅपटॉपची बॅटरी संपली. तलवाड्यात चावडीसमोर शंभरेक माणसं बसलेली. मग मागून आवाज आला, “खालच्या वस्तीची नावं आली की बरं बंद पडतं बे तुमचं मशीन!”

आधी कामाचं सांगतो. साखर कारखान्याकडं ऊसलागवडीची नोंद होते. लागवडीची तारीख जशी, तसा तोडणीचा नंबर. नंबर मागं गेला की उभा ऊस वाळतो, वजन घटतं. कागदी यादीत तारखा पुढंमागं होतात असा गावाला संशय. म्हणून ठरलं होतं की नोंदी कॉम्प्युटरवर, एकाच बैठकीत, सगळ्यांसमोर वाचून दुरुस्त करायच्या. बैठक मोडली की यादी बाद.

गावात दिवसभर लोडशेडिंग. सरपंचांचा जनरेटर होता, वायर ओढून द्यायलाही ते तयार होते. पण खालच्या वस्तीचे ज्ञानोबा नाना उठून म्हणाले होते, “सरपंचाच्या करंटवर यादी न्हाई.” नानांच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवायचं, तर ते सरपंचांना चालेना. दोन्ही बाजूंना चालेल अशी वीज एकच होती, लॅपटॉपच्या पोटातली. आणि ती सव्वा तासात संपली.

माजलगावला आप्पांचं दुकान. अडतीचा धंदा सोडून त्यांनी कॉम्प्युटरची कामं घ्यायला सुरुवात केली होती, कारखान्याची ही यादी त्यातलीच. मी देवगडकडचा, नववीत शाळा सोडलेला. एका सर्कसच्या लाईटवाल्यांबरोबर फिरत तिथं पोचलो आणि राहिलो. आप्पांनी दाखला मागितला नाही. फक्त विचारलं, “बिघडलेलं खोलता येतं का?” त्या एका प्रश्नावर माझी पुढची सगळी वर्षं उभी आहेत.

कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, “सोमवारी परत बसा. पुन्हा बंद पडलं तर काम दुसऱ्याला.” काम गेलं तर माझी नोकरीही जाणार हे मला कळत होतं.

लॅपटॉप जुना, पुण्याहून आणलेला. त्यावर लिनक्स, कारण ते फुकट. नोंदीचा प्रोग्रॅम मात्र डॉसच्या काळातला, लिनक्सच्या आत चालवलेला. मी चार्जरची वायर काढून बसलो आणि प्रोसेसर किती राबतोय ते बघितलं. कोणी बटण दाबत नव्हतं, तरी शंभर टक्के! जुना प्रोग्रॅम ‘बटण दाबलं का? दाबलं का?’ असं सेकंदाला हजारो वेळा विचारत होता. न्यूट्रलवर उभ्या मोटरसायकलचा एक्सलेटर पिळून धरावा, तसं.

प्रोग्रॅम बदलणं आपल्या हातात नव्हतं. एक्सलेटर होता. बीडच्या सायबर कॅफेतून चार पानं छापून आणली. डिक्शनरी घेऊन दोन दिवस वाचली. त्यात होतं की लिनक्समध्ये एका ठराविक फाईलमध्ये आकडा लिहिला, की प्रोसेसर त्याच्यापुढं पळत नाही. आमचा चौदाशे मेगाहर्ट्झचा होता. सर्वांत कमी सहाशे.

“आप्पा, बिघडलं तर?”

“बिघडलं तर माझं बिघडंल. तू कावून घाबरतो बे कोकण्या? लिही.”

लिहिलं. एक शून्य जास्त पडलं, मशीननं ते घेतलं नाही. पुन्हा लिहिलं. मग घड्याळ लावून समोर बसलो. दोन तास आठ मिनिटं चाललं. टाईप करताना काही फरक कळला नाही. सहाशेच्या वेगालासुद्धा माझी बोटं पुरी पडत नव्हती.

सोमवारी पुन्हा चावडी. एकशे ऐंशी नावं. वाचायला वेळ लागत नव्हता, भांडायला लागत होता. “माझी लागवड पोळ्याच्या आधीची हाय!” “पोळ्याला तू मुंबईला गेलतास की!” एकेका तारखेवर दहा मिनिटं. मी हिशोब केला. असं चाललं तर पुरत नाही. मग वाद सुरू झाला की मी स्क्रीनचा दिवा घालवायला लागलो. बॅटरी तोही खातो.

पहिल्यांदा घालवला तेव्हा सगळी चावडी उठली. “गेलं! पुन्हा गेलं!”

“गेलं नाही,” मी ओरडलो. “डोळे मिटलेत. तुमचं भांडण झालं की उघडेल.”

लोक हसले. मी बटण दाबलं, यादी जिथल्या तिथं होती. त्यानंतर आवाज चढला की नानाच काठी आपटायचे, “भांडू नका रे, मशीन झोपतं!” नावं भराभर सरकायला लागली.

दीडशे नावांच्या पुढं गेलो तेव्हा बॅटरीत नऊ टक्के उरले. सरपंचांच्या माणसानं जनरेटरच्या वायरचं टोक माझ्या मांडीजवळ टाकलं. “लावा की. कुणाला कळतंय?”

कळलं नसतंही. मी टोक उचललं आणि पायरीच्या खाली, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. “नको,” म्हणालो.

एकशे ऐंशीवं नाव नानांचंच होतं. तारीख बरोबर निघाली. चार टक्के. फ्लॉपीवर दोन प्रती काढल्या, त्या घरघरीनं जीव खाल्ला. एक सरपंचांना, एक नानांना. दोघांकडंही कॉम्प्युटर नव्हता. नानांनी ती बंडीच्या खिशात घातली आणि वरून हात ठेवला.

“लई दमानं चालवलंस,” ते म्हणाले.

त्या हंगामात तलवाड्याची तोड यादीप्रमाणं झाली. आप्पांना आणखी सहा गावं मिळाली. मी माजलगावात अकरा वर्षं राहिलो.

आता माझ्या स्वतःच्या दुकानात गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, प्रोसेसर किती फास्ट आहे? मी विचारतो, बसणार कुठं, आणि करंट कुणाचा?