दोन बोटं कापड

मास्तरांना मुलांची नावं कधी लक्षात राहिली नाहीत. नंबर मात्र पक्के राहायचे. लग्नाच्या पंगतीत समोर एखादं मूल जेवायला बसलेलं दिसलं की ते माझ्या बाबांच्या कानाशी लागून म्हणायचे, "तीस. पण बाही बत्तीसची लागेल." गणपतीच्या आरतीला सगळे देवाकडे बघत, हे टाळ वाजवणाऱ्या पोरांचे खांदे बघत. माझ्या लग्नात नवरदेव मांडवात आला तेव्हा बायका त्याचे नाक-डोळे न्याहाळत होत्या. मास्तरांनी एक नजर टाकली आणि निकाल दिला, "अडतीस. डावा खांदा जरा उतरता आहे, बाकी माल चांगला." पुढे पंचवीस वर्षांत माझ्या नवऱ्याबद्दल इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नाही.

माधवगंजात आमचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे. कारखाना आपला म्हणायचा. खाली दुकान, वर एक लांबलचक खोली, तीत बारा मशिनी आणि मधोमध कापायचं टेबल. दुकान बाबांचं होतं, पण टेबल मास्तरांचं. त्यांचं खरं नाव एखाद्या सरदाराला शोभेल असं भारदस्त होतं, आणि ते कोणीच घेत नसे. पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलेले. दाना ओली या गल्लीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात भिंतीवर एक रिकामं म्यान टांगलेलं असायचं. "पणजोबा आले घोड्यावर, आजोबा पायी झाले, वडील सायकलवर आणि मी टेबलाशी उभा," ते म्हणायचे, मग कात्री उचलून दाखवायचे, "पण हत्यार अजून हातात आहे, बेबी!"

बेबी म्हणजे मी. पन्नाशीला टेकले तरी मी त्यांची बेबीच होते. कारागिरांसमोर तेवढं ते मला 'बेबीताई' म्हणत.

त्यांची एक सवय मात्र अशी होती की तिच्यामुळे शहराचा सगळा लश्कर भाग आमचा माल ओळखायचा. पुठ्ठ्याचा फर्मा कापडावर ठेवला, कडेने खडू फिरवला, की ते थांबत. मग उजव्या हाताची दोन बोटं रेघेच्या बाहेर आडवी टेकवत आणि तिथून दुसरी रेघ ओढत. कापायचं ते या दुसऱ्या रेघेवर. पँटच्या मोहरीला, म्हणजे पायाच्या टोकाला, स्कर्टच्या घेराला, बाहीच्या टोकाला, कमरेच्या मागच्या शिवणीत, सगळीकडे ती दोन बोटं आत दुमडून शिवलेली असत. वर्ष संपता संपता मूल वाढायचं, आई घरीच टाके उसवायची आणि कपडा एक नंबर मोठा व्हायचा. बाबा कधी कुरकुरले की मास्तर म्हणत, "मालक, पोर काय पुतळा आहे का? बढणारच ते. कपड्याला हे पहिलेच सांगून ठेवावं लागतं."

घडी उघडली की वरचा भाग धुऊन धुऊन फिका पडलेला असे आणि खाली नव्या कापडाची गडद पट्टी दिसे. रस्त्याने जाताना अशी पट्टी दिसली की मास्तर मला कोपराने ढोसत, "आपला माल." मला लहानपणी त्या पट्टीची लाज वाटायची, कारण माझ्याही स्कर्टला ती होतीच. मालकाची मुलगी म्हणून दरवर्षी नवा स्कर्ट मिळेल ही माझी आशा त्यांनी कधी पुरी होऊ दिली नाही.

मग टाळेबंदी आली ती नेमकी मार्चमध्ये. गणवेशवाल्यांचा सगळा हंगाम मार्च ते जुलै. आमचा माल शिवून, इस्त्री करून, डांबराच्या गोळ्या घालून खोक्यांत भरलेला होता, आणि शाळांना कुलपं लागली. कारागीर आपापल्या गावी गेले. आम्ही काही महिने मास्क शिवले. मास्तरांनी पहिला मास्क कापला, हातात धरून उलटासुलटा केला आणि म्हणाले, "ह्यात कापायचं काय? सगळ्या दुनियेचा एकच नंबर."

दुसऱ्या लाटेत बाबा गेले. हरिशंकरपुरमच्या आमच्या घरासमोर गाडी आली, दोन माणसं उतरली आणि बाबांना पिशवीत घालून घेऊन गेली. कोणी यायचं नाही असं सांगितलेलं होतं, तरी मास्तर आले होते. रस्त्याच्या पलीकडे, भर उन्हात, गाडी वळेपर्यंत उभे होते. मी फाटकाशी आणि ते तिकडे, मध्ये रिकामा रस्ता. पुष्कळ दिवसांनी ते एकदाच त्याबद्दल बोलले. म्हणाले, "ती पिशवी सगळ्यांना एकाच नंबरची, बेबी. मालक चाळीस होते." एवढं बोलून ते कात्रीला तेल लावत बसले. मी बाबांसाठी मोकळेपणाने पहिल्यांदा रडले ती त्या टेबलाशी.

माझी शाळेतली नोकरी तोवर सुटली होती. कारखाना मी हातात घेतला. शाळा उघडल्या त्या सकाळी दुकानासमोर ही गर्दी. मास्तर मुद्दाम खाली येऊन उभे राहिले. एक मुलगा पुढे आला. "अठ्ठावीस," मास्तर म्हणाले. शर्टाचं बटण लागेना. मग एक मुलगी आली, तिला सांगितलेल्या नंबरात दोन मुली मावल्या असत्या. कोणी घरात बसून सुटलं होतं, कोणी नुसतंच लांब झालं होतं. दुपारपर्यंत पाच-सहा वेळा असं झालं. शेवटी मास्तर वर आले आणि काज-बटण करणाऱ्या मुन्नीबाईला म्हणाले, "ज़रा टेप देना." चालू मशिनी थांबल्या. मास्तरांनी टेप मागितलेली कोणी ऐकली नव्हती. ती गळ्यात घालत ते मला म्हणाले, "दोन वर्षं पोरं बघितलीच नाहीत ना! खिडकीतून बघावं तर रस्ता खाली, चिटपाखरू नाही. नजर उतरली माझी."

खोक्यांतला माल तसाच पडून होता. चौथीच्या मापाने शिवलेलं आता चौथीतल्या बहुतेकांना तोकडं पडत होतं. मी तो मिळेल त्या भावाने काढून टाकायचं ठरवलं होतं. मास्तरांनी एक खोकं ओढलं, जमिनीवर बसले, ब्लेडने एका पँटची मोहरी उसवली आणि दोन बोटं कापड बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. "फेकतेस कशाला? सगळं उघड. एकेक नंबर वर जाईल." तीन आठवडे आम्ही सगळे तेच करत होतो, मीसुद्धा. बाजारात तेव्हा कापड वेळेवर येत नव्हतं, बाहेरचा तयार माल पोचत नव्हता, आणि शाळांना घाई होती. आमची खोकी महिनाभरात रिकामी झाली. देशातले धंदे पुन्हा उभे राहताहेत, इथला माल इथेच बनतोय, असं पेपरात रोज येत होतं. आमचा धंदा मास्तरांच्या दोन बोटांवर उभा राहिला, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून पुढचं सांगताना मला स्वतःची चीड येते.

पुढच्या वर्षी मोठ्या कारखान्यांचा स्वस्त तयार माल ट्रक भरभरून येऊ लागला. आमच्या बारा मशिनींवर बारा घरं चालतात. त्यातच शाळांना माल पुरवणारा एक ठेकेदार आला. सगळं वर्ष पुरेल एवढं काम देतो म्हणाला, पण भाव त्या तयार मालाचा. आमचा नमुना त्याने उलटून पाहिला आणि हसला. "मैडम, अंदर इतना कपड़ा काहे को छुपा रखा है? छोटा होगा तभी तो हर साल नया बिकेगा!"

मी वर गेले आणि मास्तरांना म्हणाले, "काका, या लॉटला आतली घडी नको. शिवणीपुरतं अर्धा इंच ठेवा."

खडू थांबला. "हे त्याचं म्हणणं आहे का तुझं?"

"माझं," मी म्हणाले. मालकीणपणाची गुर्मी, दुसरं काय!

"दोन दिवस दे मला."

दोन दिवस ते सत्तरीचे गृहस्थ जमिनीवर रांगत फर्मे फिरवत होते. बाही उलटी लाव, कॉलर पँटच्या दोन पायांमध्ये घुसव, पट्टी तिरकी कर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. गुडघे खडूने पांढरे झाले होते आणि चेहरा खुलला होता. "दोन नाही बसत, पण एक बोट निघतंय बघ. जे कातरण वाया जायचं त्यातूनच. तुझा कपडा जरासुद्धा जास्त लागणार नाही."

मी बघितलं. खरंच निघत होतं. आणि तरी मी म्हणाले, "काका, प्रश्न कपड्याचा नाहीच. पोरांना दरवर्षी नवा घ्यावा लागला तर ते आपल्यालाच बरं नाही का?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, पण या वेळी नंबर काढत नव्हते. मग म्हणाले, "ठीक आहे, मॅडम."

तो सगळा लॉट त्यांनीच कापला, अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच, कुठे दोराभर फरक नाही. शेवटचा थर झाल्यावर कात्री फडक्यात गुंडाळली, "डोळे आता काम देत नाहीत," म्हणाले आणि जिना उतरून गेले. मला वाटलं रुसलेत, चार दिवसांनी येतील. गणपती आले आणि गेले, आरतीलाही ते दिसले नाहीत. आणि मी कामाची सबब सांगत राहिले, स्वतःलाच.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एक बाई मुलीला घेऊन दुकानात आली. मुलगी दप्तर पुढे धरून गुडघे झाकत होती. बाई म्हणाली, "दीदी, ये ज़रा खोल देना. मैं घर पे खोलने बैठी तो अंदर कुछ निकला ही नहीं." मी स्कर्टची कड उलटली. आमचंच लेबल होतं. आत अर्धा इंच. माझं तोंड बघून त्या बाईनेच माझी समजूत घातली, "गलती से कट गया होगा. आपके यहाँ का तो हमेशा खुलता है."

मी तिला आधीच्या, आत घडी असलेल्या मालातला एक स्कर्ट दिला, तिळगुळाची गजक घेतली आणि तशीच दाना ओलीत गेले. चुकले, परत चला, एवढंच सांगायचं होतं. काकूंनी दार उघडलं. मास्तर खाटेवर दोन उशांना टेकून बसले होते. छातीचा भाता वरखाली होत होता. मला बघून डोळे बारीक केले आणि म्हणाले, "छत्तीसची चौतीस झालीस. जेवत नाहीस का ग?" मॅडम नाही म्हणाले.

मग त्यांनीच विचारलं, "त्या लॉटचं काय झालं? पोरांना बसले ना कपडे? कोणी परत घेऊन आलं?"

मला वाटलं, या अवस्थेत माणसाला कशाला त्रास द्यायचा. हे मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मला लाज वाटली. मी म्हणाले, "छान बसले, काका. कोणीच आलं नाही परत."

उजव्या हाताची दोन बोटं मास्तरांनी पांघरुणावर टेकवली होती, त्या बोटांकडे बघत होते. म्हणाले, "मग माझंच चुकत होतं, बेबी. चाळीस वर्षं मालकांचा कपडा उगाच घालवला."

नाही, म्हणायला तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. मी चहा प्यायले, गजक उशाशी ठेवली आणि घरी आले.

परत जाऊन खरं सांगायचं, असं मी रोज ठरवत होते. अकराव्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला.

ठेकेदाराचं काम मी सोडलं. बारातल्या सातच मशिनी आता चालतात. पाच घरांना मी दुसरीकडे काम बघायला सांगितलं, त्यांच्या नजरेला नजर द्यायला मला अजून जड जातं. मास्तरांच्या टेबलाशी मीच उभी असते. पहिल्या दिवशी फर्म्याच्या बाहेर त्यांच्यासारखीच दोन बोटं टेकवली आणि रेघ ओढली. मुन्नीबाईने जुना स्कर्ट आणून शेजारी ठेवला, तर माझं कापड कमी भरलं. मास्तरांची बोटं जाड होती, जन्मभर कात्री धरून चपटी झालेली. माझ्या हाताने मोजायचं तर तीन लागतात.

मी तीन ठेवते. तुमचं चुकत नव्हतं काका, असं म्हणते, आणि कापते.