फॉरमॅट न मारणारे साडू

बदलापूरच्या आमच्या साडूंनी हात लावलेला एकही कॉम्प्युटर आजवर पहिल्यासारखा राहिलेला नाही, आणि याचा त्यांना अतिशय अभिमान आहे. ते आनंदनगरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात, पण ती नोकरी पोटापाण्यापुरती; खरा धर्म लिनक्स. फुकट मिळतं, व्हायरस लागत नाही आणि मुख्य म्हणजे सतत बिघडतं, इतके गुण एका ठिकाणी त्यांना माणसांतही सापडलेले नाहीत. माझ्या कॉम्प्युटरवरही लिनक्स त्यांनीच बसवलेलं; पुरती कृपा झाली ती गणपतीत. आरत्यांची पीडीएफ उघडेना, एवढीच माझी तक्रार. साडूंनी मोदक खाता खाता निदान केलं: एका प्रोग्रामला कुठलीशी लायब्ररी, म्हणजे दोघांनी वाटून वापरायची फाइल, जुनी हवी होती आणि दुसऱ्याला तीच नवी हवी होती. "लग्नातल्या मानपानासारखं असतं भाऊ," ते म्हणाले, "हा आला तर तो येत नाही." मग त्यांनी रुसलेल्यांपैकी एकाला काढून टाकलं. त्याच्यामागोमाग त्याचं सगळं गोत बाहेर पडलं आणि काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत राहिली. मी हादरलो. साडू प्रसन्न. "आता कसा खरा कॉम्प्युटर दिसतोय," म्हणाले. आरत्या आम्ही पाठ होत्या तेवढ्याच म्हटल्या.

फॉरमॅट हा शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नाही. कॅम्प पाचमधल्या ओळखीच्या सिंधी दुकानदाराने एकदा सहज सुचवलं, "साईं, फॉरमॅट मार दो, टेन्शन खतम." साडू समोरचं कोल्ड्रिंक अर्धं टाकून उठले. सगळं पुसून नव्याने मांडणं हा त्यांच्या मते पळपुटेपणा. कोण कुणामुळे अडलंय ते शोधायचं, दोघांचंही ऐकून घ्यायचं, वाट काढायची. हा उदार विचार सख्ख्या थोरल्या भावाला लागू नव्हता, एवढंच. एका हळदीत फेटा आधी कुणाला बांधला यावरून दोघांची बोलाचाल कित्येक वर्षं बंद होती. मी विषय काढला की साडू कीबोर्ड झटकायला घेत.

यंदा अॅडमिशनच्या दिवसांत त्यांच्या वहिनींचा मला फोन आला. बुवापाड्यात त्या थोरल्या दादांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान; तिथला कॉम्प्युटर भांडणाआधी साडूंनीच लिनक्सवर बसवलेला. अपडेट घेतल्यापासून प्रिंटर मुका झाला होता आणि ऐन सीझनला गिऱ्हाईक परत जात होतं. "रिपेरवाला फॉरमॅट मारतो बोलला," वहिनी म्हणाल्या, "तर ह्यांनी हात लावू दिला नाही. बोलतात, तो बसवून गेलाय, असू दे तसंच." मी हे वाक्य जसंच्या तसं साडूंना सांगितलं. ते चपला घालून निघाले, म्हणून मीही निघालो.

दादांनी रस्त्याकडे बघत स्टूल पुढे सरकवलं. साडूंनीही वर न पाहता काम सुरू केलं. अपडेटने प्रिंटरची जुनी लायब्ररी उडवली होती. ती त्यांनी परत आणली, आणि पुन्हा कुठलं अपडेट तिला हलवणार नाही अशी सोय केली. त्यांच्या मानाने हे फारच लवकर झालं. प्रिंटर तयार असल्याचं मला पडद्यावर स्वच्छ दिसत होतं.

"झालं का रे?" दादांनी विचारलं.

साडूंनी मान वर केली नाही. "नाही दादा. वेळ लागेल अजून."

"मग जेवूनच जा," दादा म्हणाले, आणि वहिनींना हाक मारायला आत गेले. साडू उगाचच काहीतरी टाइप करत राहिले. बाहेर प्रिंट घ्यायला पोरं उभी होती. मी जाऊन त्यांना संध्याकाळी यायला सांगितलं, म्हटलं मशीन अजून बिघडलेलंच आहे.