यादीत गेलेली गोधडी

नवीन राज्य झाल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, एका सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता, रायपुरातल्या एका नाट्यगृहामागच्या गोदामाला कुलूप लागलं. आत आमच्या नाटकाचा सेट, दोन कंदील, एक माठ, एक लाकडी खाट आणि आमच्या मावशींची गोधडी होती. बाकीचं सामान नाटक करवून घेणाऱ्या समितीचं होतं. गोधडी मावशींची होती. त्याच दुपारच्या गाडीनं आम्हाला नागपूरला परतायचं होतं.

मावशी म्हणजे आमच्या मंडळीचे कपडे सांभाळणाऱ्या बाई. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. नात्यानं त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या. मी त्याआधी काही वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली होती. या मंडळीत रंगमंच-व्यवस्था माझ्याकडे होती, म्हणजे पडदा वेळेवर उघडणं आणि प्रत्येक वस्तू तिच्या जागेवर असणं, ही जबाबदारी माझी.

समितीनं आम्हाला तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं. नागपूरचे आम्ही सातजण आणि रायपूरचे नट-नट्या मिळून एक हिंदी नाटक बसवायचं आणि त्याचे बारा प्रयोग करायचे, असं ठरलं होतं. समिती नवीन होती. त्या वर्षी रायपुरात बरंच काही नवीन होतं. राजधानी झाल्यापासून शहरात ज्याला त्याला स्वतःचं कार्यालय हवं होतं. समितीचं कार्यालय दोन खोल्यांचं होतं. दारावर पितळी पाटी, टेबलावर तीन रबरी शिक्के आणि शाईचे दोन पॅड. नाटकासाठी पडद्याची दोरी मागितली तर ती नवव्या दिवशी मिळाली.

आमची तालीम दुपारी चारला सुरू व्हायची, त्यामुळे सकाळ मोकळी असे. घरी असतो तर ती दळण आणि दवाखान्यात गेली असती. परगावी ती पूर्ण आमची होती आणि प्रत्येकानं तिचं काहीतरी केलं होतं. प्रकाशयोजना करणारा पहाटेच गळ घेऊन तलावावर जायचा आणि नऊ वाजता रिकाम्या हातानं परत यायचा. तीन महिन्यांत त्यानं एकही मासा आणल्याची नोंद नाही. दोन नट कॅरम खेळायचे आणि बोर्डाला लावायला मावशींची तोंडाला लावायची पावडर चोरायचे. मी पाट्या वाचत हिंडायचो. सरकारी इमारतींवर जुन्या राज्याचं नाव पांढऱ्या रंगानं पुसून त्यावर नव्या राज्याचं नाव लिहिलेलं होतं. ऊन तिरपं पडलं की रंगाखालची जुनी अक्षरं दिसत. अशा पाट्या मी वहीत उतरवून घ्यायचो. या छंदाचा कुणाला उपयोग नव्हता आणि कुणाला त्रासही नव्हता.

मावशी गोधडी शिवायच्या. त्यांच्या मुलीला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नागपुरात मावशींच्या घरी व्हायचं होतं. बारशाला बाळ आपल्या हातच्या गोधडीवर निजवायचं, एवढंच त्यांना करायचं होतं. हे त्यांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि नंतर रोज सांगितलं.

आत घालायला त्यांनी स्वतःची दोन जुनी सुती लुगडी नागपूरहून आणली होती. वरचे तुकडे गोल बाजारातल्या शिंप्यांकडून गोळा केले. दर मंगळवारी त्या जायच्या. मी दोनदा बरोबर गेलो. शिंपी कातरणांचं गाठोडं पुढे सरकवायचा आणि मावशी एकेक तुकडा काढून गालाला लावून बघायच्या. टोचला की परत. शिंपी हसायचा.

"दीदी, कपड़ा छाँट रही हो कि दामाद?"

"जावई तं असाच आला भाऊ, न छाटता," मावशी मराठीतच म्हणाल्या. "आता हे तरी पाहून घेऊ द्या."

नाटकातली नायिका तिथल्याच रेल्वे कॉलनीतली होती. आजोबांच्या वेळी घर वर्ध्याहून रायपूरला आलेलं. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. तालमीआधी ती मावशींच्या शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायची.

"मावशी, एक मेरे लिए भी।"

"तुयं लगन होऊ दे पोट्टे आधी."

"शादी के बिना ठंड नहीं लगती क्या?"

मावशींनी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि काम पुढे चालू ठेवलं. धावदोऱ्याच्या रांगा बोटाच्या पेरापेक्षा जास्त अंतरावर नव्हत्या. महिन्याभरात अर्धी गोधडी भरली. एका कोपऱ्यात त्यांना गडद रंग हवा होता. नायिकेचं पोलकं शिवून उरलेला मरून रंगाचा वीतभर तुकडा कपड्यांच्या पेटीत पडून होता. तो त्यांनी तिथे लावला. हे मी पाहिलं होतं. मला किंवा त्यांना त्यात काही गैर वाटलं नाही. उरलेलं कापड एरवी इस्त्री पुसायला गेलं असतं.

पहिल्या प्रयोगाच्या चार दिवस आधी दिग्दर्शकांनी खाटेवरची चादर नापास केली. समितीनं दिलेली चादर दिव्याखाली चकाकत होती. दिग्दर्शक विंगेत आले तेव्हा मावशींच्या मांडीवर गोधडी होती.

"मावशी, ही द्या."

"सर, अजून पुरी नाही झाली. किनार बाकी आहे."

"पहिल्या रांगेतल्या माणसाले किनार दिसते का?"

"हे माह्या नातवासाठी आहे सर."

"नातू आला की घेऊन जा. तोवर माह्या नटाले झोपू द्या."

सगळे हसले. मावशीही हसल्या आणि गोधडी दिली. नाटकवाल्यांत हे चालतं. कुणाचा चष्मा, कुणाची छत्री, कुणाची तपकिरीची डबी, लागेल ते रंगमंचावर जातं. एकच नियम आम्ही कडक पाळतो. वस्तू एकदा रंगीत तालमीत मांडली गेली की शेवटचा प्रयोग होईपर्यंत ती तिथून हलत नाही. कुणी चहासाठी पेला उचलून नेला आणि ऐन प्रवेशात तो सापडला नाही, असं प्रत्येक मंडळीत एकदा तरी झालेलं असतं. त्यामुळे मी यादी करतो. यादीत दोन रकाने असतात, वस्तू आणि तिची जागा. वस्तू कुणाची, हा रकाना कधीच नसतो. सात माणसांत कुणाची छत्री कोणती, हे लिहून ठेवायची गरज कुणाला पडत नाही.

गोधडी हलवता येत नव्हती, म्हणून मावशी तिच्याकडे जाऊ लागल्या. बारा प्रयोगांच्या काळात रोज सकाळी अकराच्या सुमाराला त्या नाट्यगृहात यायच्या, चौकीदाराकडून एक दिवा लावून घ्यायच्या आणि सेटवरच्या खाटेवर बसून किनार शिवायच्या. समोर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. एकदा मी विचारलं, भीती नाही वाटत का. "कायची भीती? कोणी शिट्टी तं मारत नाही," त्या म्हणाल्या. शेवटच्या प्रयोगाच्या आदल्या सकाळी किनार पूर्ण झाली.

त्याच आठवड्यात समितीनं माझ्याकडे सामानाची यादी मागितली. मी माझी रंगमंचाची यादी स्वच्छ अक्षरांत उतरवली, खाली सही केली आणि दिली. ही चूक माझी होती. डेस्कवर काम केलेल्या माणसाला कागद कोण मागतो आणि कशासाठी, हे विचारायची सवय असते. मी विचारलं नाही.

रविवारी शेवटचा प्रयोग झाला. समितीच्या सचिवांनी रंगमंचावर सगळ्यांचा सत्कार केला. मावशींनाही शाल आणि नारळ मिळाला. भाषणात सचिवांनी 'परदे के पीछे के कलाकार' हे शब्द तीन वेळा वापरले. टाळ्या झाल्या.

सोमवारी सकाळी मावशी पिशवी घेऊन गोदामाकडे गेल्या तेव्हा कुलूप लावलं जात होतं. गोदाम सांभाळणारा माणूस चांगला होता. बारा प्रयोग त्यानं आमच्याबरोबर चहा प्यायला होता. तो खाली बघत म्हणाला, "मोर हाथ म का हे दीदी? चाबी त साहब करा हे." साहेब म्हणजे सचिव; किल्ली त्यांच्याकडे होती.

आम्ही कार्यालयात गेलो. सचिवांनी माझी यादी काढली. त्यावर आता तीन शिक्के होते. यादीतलं सर्व सामान समितीचं आहे, असा ठराव झाला होता.

"ये सूची आप ही की है न? दस्तखत आपके हैं?"

मी हो म्हणालो. ही यादी मांडणीची आहे, मालकीची नाही, हेही सांगितलं. दिग्दर्शकांची वेताची खुर्चीसुद्धा याच यादीत होती. ती कुठे आहे, असं विचारलं. ती आदल्या रात्रीच दिग्दर्शकांच्या एका फोनवर सुटली होती आणि आमच्या सामानात रिक्षावर चढून स्टेशनावर पोचली होती. तिच्यासाठी अर्ज लागला नव्हता.

मावशी म्हणाल्या, "साहेब, मी शिवली हो ते. माह्या हातानं. या सगळ्यायनं पायलं."

"माताजी, उसमें नाटक का कपड़ा लगा है।" सचिवांनी ती उलगडून पाहिली होती. मरून तुकडा त्यांना सापडला होता.

"एक वीत आहे. कापून घ्या. कात्री आहे माह्यापाशी."

"ऐसे नहीं होता। आप आवेदन दीजिए।" मग ते म्हणाले, "और शॉल तो दिया न आपको हमने।"

हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. ते बोलताना सचिव रागावलेले नव्हते. आपण काही कमी केलेलं नाही, असा त्यांचा चेहरा होता. ज्या बाईनं बारा प्रयोग नटांच्या घामाचे सदरे धुतले, तिला एक कारखान्यातली शाल देऊन तिच्या हातचं काम ठेवून घेणं, हा त्यांच्या हिशेबी सत्कारच होता.

दिग्दर्शक स्टेशनावर भेटले. खुर्ची त्यांच्या शेजारी होती. एक फोन गोधडीसाठी करा, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "एवढ्यासाठी कुठं त्याले पुन्हा तोंड दाखवू? पुढच्या वर्षी यायचंच आहे इथं." मग मावशींकडे वळले. "दुसरी शिवून टाका ना मावशी. तुमचा तं हात बसलाच आहे."

मावशींनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. मी बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर त्यांच्याबरोबर मी काम केलं नाही.

गाडी गेली. मावशी आणि मी मागे राहिलो. नायिकेच्या घरच्यांनी मावशींना ठेवून घेतलं. मंगळवारी पहिला अर्ज दिला, तर मालकीचा पुरावा मागितला गेला. दुपारी दुसरा दिला. सोबत नायिकेचं हिंदीत लिहिलेलं निवेदन होतं की सुईत दोरा ती स्वतः ओवून देत असे. ते वाचून तिथला कारकून हसला. बुधवारी तिसरा अर्ज दिला. विषय बैठकीत ठेवावा लागेल आणि बैठक पुढच्या महिन्यात आहे, असं सांगण्यात आलं. मावशी व्हरांड्यातल्या बाकावर दोन दिवस बसून होत्या. हातात सुई नव्हती. तीन महिन्यांत मी त्यांना सकाळच्या वेळी रिकाम्या हातानं प्रथमच पाहत होतो. कार्यालयातून जाणारे-येणारे त्यांना नमस्ते करत होते.

बुधवारी दुपारी एसटीडी बूथवरून नागपूरला फोन लावला. मुलीच्या पायांवर सूज आली होती, डॉक्टरांनी दवाखान्यात राहायला सांगितलं होतं. मावशी संध्याकाळच्या गाडीनं गेल्या. जाताना म्हणाल्या, "भाऊ, तुमी काहून थांबता आता? बारशापर्यंत नाही भेटत ते." मी आणखी एक दिवस थांबलो. सचिव दौऱ्यावर गेले होते.

नऊ दिवसांनी मुलगी झाली. बारशाला बाळ बाजारातून आणलेल्या फुलाफुलांच्या ब्लँकेटवर होतं. मी गेलो होतो. मावशींनी पाळण्याची दोरी धरली, नाव सांगितलं, पेढे वाटले. बायकांपैकी कुणीतरी विचारलं, "काहो, तुमी तं गोधडी शिवून राहिल्या होत्या ना?" मावशी म्हणाल्या, "तिकडं राहिली." ती कशी राहिली हे सांगायला लागलो तर त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

समितीला मी नागपूरहून आणखी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

अकरा महिन्यांनी दुसऱ्या एका नाटकाच्या कामासाठी रायपूरला गेलो. पहिल्याच सकाळी त्या कार्यालयात गेलो. सचिव बदलले होते. नव्या सचिवांना गोधडीचं काही माहीत नव्हतं. त्यांनी गोदामाच्या माणसाला बोलावून विचारलं, "इनका कुछ पड़ा है क्या?" तो 'हव' म्हणाला, आत गेला आणि खाटेखालून गोधडी काढून माझ्या हातात दिली. अर्ज, ठराव, पुरावा, कुणीही काही मागितलं नाही. मी आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत पाव तास लागला.

चार दिवसांनी ती मी मावशींच्या घरी दिली. त्यांनी ती दोनदा धुतली. एका बाजूला उंदरानं कुरतडलं होतं, तिथे त्यांनी नवा तुकडा लावला. नात तेव्हा भिंतीला धरून चालत होती. मरून तुकड्यावर समितीनं पांढऱ्या ऑइल पेंटनं सामानाचा क्रमांक घातला होता. मावशींनी तो रॉकेलनं घासून पाहिला. निघाला नाही.