जोडीतला आतला टायर

वाशिमजवळच्या मालेगावात माझं टायरचं दुकान आहे. रस्त्यानं जाताना कोणी माणसांचे चेहरे बघतो, कोणी दुकानांच्या पाट्या. माझी नजर ट्रकच्या मागच्या चाकांत जाऊन अडकते. तिथं दोन-दोन टायर खेटून असतात आणि मला नेमका आतला दिसतो. नको म्हटलं तरी दिसतो. एस.टी.त बसलो की आजकाल मी खिडकीची जागा घेत नाही.

तशी या धंद्याला फार अक्कल लागत नाही. जोडीतले दोन्ही टायर एका मापाचे, सारखेच झिजलेले हवेत. एक उंच आणि एक बुटका असला की बुटका नुसता सोबतीला फिरतो आणि उंचावर दोघांचं ओझं येतं. मग तो तापतो. हे पुराण मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलंय की बायकोलाही पाठ झालंय. पण आमच्याकडे रीत वेगळीच, नवा बाहेर आणि जुना आत. आतला कोणाला दिसतो?

अनसिंगचा एक ट्रकवाला कायम माझ्याकडेच यायचा. ट्रक स्वतःचा, चालवायचाही स्वतःच. माझी टर उडवायचा, "भाऊ, पोरगी पाहाले आल्यावानी टायर काय न्याहाळून राह्यले?" तीन वर्षांपूर्वी एकदा भर दुपारी आला. इथूनच सोयाबीनची पोती लादलेली, कारंज्याच्या बाजारात पोचायची घाई, आणि मागचा बाहेरचा टायर गेलेला. मी नवा बसवला. आतला चांगलाच झिजला होता. दोन्हींवर पट्टी आडवी धरली तर बोटभर फरक. त्याच्या जोडीचा माझ्याकडे नव्हता, वाशिमहून मागवायचा तर संध्याकाळ झाली असती.

"जमते का?" त्यानं विचारलं.

मला जेवायला घरी जायचं होतं. खरं कारण एवढंच, दुसरं काही नाही. मी म्हटलं, "जमते. जाय तू."

कारंज्याच्या अलीकडे वळणावर नवा टायर फुटला. सगळा भार जुन्यावर आला, तोही फुटला आणि ट्रक उलटला. तो जागीच गेला.

लोकांनी नव्या टायरला शिव्या घातल्या, बनवणाऱ्यांना घातल्या. माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. उलट, रोजचा माणूस गेला म्हणून मलाच चहा पाजून धीर दिला. मी तो चहा प्यायलो, याची मला अजून लाज वाटते.

यंदा पोळ्यानंतर त्याची बायको दुकानात आली. ट्रक दुरुस्त करून घेतला होता, आता तिचा भाऊ चालवणार होता. मागचे चारही टायर निवडून द्या म्हणाली. तीन वर्षं गिळून ठेवलेलं तोंडातून निघालंच, "वहिनी, तो जुना टायर आत मीनंच राहू देल्ला होता. फरक मले दिसला होता."

"माईत हाये," ती म्हणाली. "इथून निंगताना फोन केला होता त्याईनं. म्हने, टायर उंच-नीच हायेत, पन भाऊ जमते म्हनून राह्यले."

म्हणजे त्यालाही कळलं होतं. माझ्या शब्दावर गेला तो. तिनं तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग माह्याकडंच काहून आल्या?"

"माह्या भावाचे टायर तुमच्याइतकं भिऊन दुसरं कोन पाहीन?"