पलीकडे थांबलेली माणसे

ज्यांचे चेहरे आपण पाहिलेले नाहीत आणि ज्यांची खरी नावेही आपल्याला ठाऊक नाहीत, अशा माणसांचा एखाद्याला आधार होऊ शकतो का? होत असेल, तर तो नेमका कशातून होतो? हा प्रश्न मी बरीच वर्षे मनात बाळगला आहे. माझा पेशा भूगोल शिकवण्याचा. आधी निरीक्षण आणि मग निष्कर्ष, ही त्या विषयाची शिस्त. म्हणून उत्तर आधी न सांगता जे घडले ते क्रमाने सांगतो.

मी लहानपणापासून अडखळत बोलतो. शब्द माहीत असतो, जिभेपर्यंत आलेला असतो, पण तोंडाबाहेर पडत नाही. ऐकणारे बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट करतात. "सावकाश बोला" असे सांगतात, नाहीतर आपला शब्द स्वतःच पुरा करून टाकतात. दोन्ही चांगल्या मनाने केले जाते, आणि दोन्हींनी जीभ अधिकच आखडते. अडखळणारा माणूस लवकरच शब्द बदलण्याची कला शिकतो. 'पर्वत' अडला, की तो 'डोंगर' म्हणतो. ही कला फक्त नावापाशी निकामी ठरते, कारण नावाला दुसरा शब्द नसतो. किन्हवलीजवळच्या ज्या शाळेत मी नव्वदच्या दशकात रुजू झालो, तिथे मी हजेरी क्रमांकाने घेत असे, त्याचे कारण हे होते.

दोन हजार सालानंतर शहापूरला एसटी स्थानकाजवळ इंटरनेटचे एक दुकान निघाले. प्लायवुडच्या खोपट्यांत तीन-चार संगणक ठेवलेले असत आणि पान उघडेपर्यंत चहा पिऊन होई. तेथे एका रविवारी मला अडखळत बोलणाऱ्या मराठी माणसांचा एक ईमेल-समूह सापडला. एकाने लिहिलेले सर्वांना पोहोचे. मराठी रोमन लिपीत लिहिलेली असे आणि वाचताना प्रथम फार त्रास होई. तरीही मी त्या रविवारी दुकानदार शटर ओढायला येईपर्यंत वाचत बसलो. हजेरी क्रमांकाने घेणारा मी एकटाच असेन, अशी माझी समजूत होती. तेथे स्वतःचे नाव सांगावे लागू नये म्हणून घराचा फोन न उचलणारे गृहस्थ होते, आणि आवडीची भाजी सोडून उच्चारायला सोपी असलेली भाजी विकत घेणारी एक मुलगीही होती.

समूह चालवणाऱ्या बाई विदर्भातल्या एका बँकेत नोकरीला होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. त्या स्वतःही अडखळत. त्यांनी घालून दिलेले नियम थोडे होते. नावच सर्वांना छळते, म्हणून समूहात कोणी खरे नाव लावायचे नाही. (याही लेखात मी तो नियम पाळतो आहे.) कोणी औषध किंवा ताईत सुचवायचा नाही. सदस्यांनी सरावासाठी एकमेकांना फोन करावेत, मात्र फोनवर कोणी दुसऱ्याचा शब्द पुरा करायचा नाही, आणि पलीकडे शांतता झाली तरी फोन ठेवायचा नाही. वाट पाहायची.

या समूहात एक तरुण शेतकरी होता. एकदा त्याने लिहिले, की वर्षभरात त्याचा सर्वांत आवडता दिवस जत्रेतल्या बैलबाजाराचा. तेथे मोठमोठे व्यापारी हातावर टॉवेल टाकून त्याखाली बोटे धरतात आणि किंमत बोटांनी ठरते. तोंडाने कोणी बोलत नाही. "त्या दिवशी मी सगळ्यांसारखा असतो," असे त्याचे वाक्य होते. मी विचारले, ही जत्रा मुरबाडजवळच्या म्हसा गावची तर नव्हे? पुढच्या रविवारी उत्तर आले: "सर, तुमी तर आमच्या शेजारचेच निघालात!" तो धसईजवळच्या गावचा होता आणि भाजी घेऊन मुरबाडला आला की तिथल्या दुकानातून समूहाला लिहीत असे. मध्ये एका तालुक्याची शीव होती, आणि आम्ही मात्र विदर्भामार्गे एकमेकांना भेटलो होतो.

त्या पौषात आम्ही म्हशाच्या जत्रेत प्रत्यक्ष भेटलो. त्याने माझ्या हातावर टॉवेल टाकून मला बोटांची भाषा शिकवली. आकडे मी विसरलो, पण एक खूण लक्षात राहिली. टॉवेलखाली हात धरलेला आहे तोवर बोलणी चालू असतात. हात सोडला, की सौदा संपला.

त्याचे वडील काही वर्षांपूर्वी वारले होते. घरात तो, आई आणि धाकटी बहीण. बहिणीचे लग्न जुळत आले आणि त्याच्यापुढे खरी अडचण उभी राहिली. त्यांच्या भावकीत अशी रीत होती, की साखरपुड्याला घरच्या कर्त्या पुरुषाने चारचौघांत उठून मुलीचे नाव, वडिलांचे नाव आणि मुलाचे नाव घ्यायचे, आणि मग 'दिली' म्हणायचे. म्हणजे वाक्यात तीन नावे, आणि एकही बदलता येण्यासारखे नाही. आधीच्या बैठकींत सगळे चुलत्यांनीच बोलून घेतले होते. हा फक्त पाहुण्यांना नमस्कार करून हसत असे. मुलाकडच्यांना त्याच्या बोलण्याविषयी काहीच ठाऊक नव्हते, आणि चुलत्यांना ते ठाऊक होऊ द्यायचे नव्हते.

"पाहुने म्हनतील, घरात दोष हाय. उद्या पोरांना लागंल," चुलते म्हणाले. "सोयरीक मोडली म्हंजे? तू गप बस. मी बोलतो."

बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काका, माझं नाव दादाच घेईल. त्याला टाइम लागतो तर लागू दे. माझी काय गाडी सुटतेय?"

"तुला कलत नाय गो."

"मोडायची आसंल तर आताच मोडू दे. लग्नानंतर कलून मोडली, तर माझ्याच गल्यात."

हा संवाद त्याने समूहाला जसाच्या तसा लिहून पाठवला, आणि खाली एकच ओळ लिहिली: बहिणीचे म्हणणे मला पटते, पण माझ्यामुळे तिची सोयरीक मोडली तर मी काय करू?

सल्ला देणे सोपे होते. मला आजही कौतुक वाटते ते याचे, की समूहात कोणी तो दिला नाही. ताईंनी एवढेच विचारले, की वाक्य बोलायचे ठरवले तर सरावाला कोण कोण फोन करील? होकार येत गेले. कोणी पुण्याहून, कोणी सांगलीहून आणि एक गृहस्थ तर आखातातून फोन करू लागले. रोज संध्याकाळी कोणीतरी त्याच्या घरी फोन लावी, आणि तो ते वाक्य म्हणे. तो कसा अडखळे ते मी अक्षरांत उतरवणार नाही. आयुष्यभर लोकांनी त्याची अडखळलेली अक्षरेच मोजली, येथे तरी ती मोजली जाऊ नयेत.

वैशाखात एका संध्याकाळी ताईंचा फोन होता. वळवाचे ढग आले होते. तो दुसऱ्या नावापाशी अडला. पलीकडे ताई नियमाप्रमाणे शांत होत्या. त्या शांततेत त्याने ते नाव ओलांडले, मग तिसरेही, आणि वाक्य शेवटापर्यंत नेले. आता ताई काही म्हणतील म्हणून तो थांबला. त्या काही म्हणेनात. त्याला वाटले, त्याही अडल्या असतील. नियम होता, म्हणून तो रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला.

बहीण पातेले घेऊन आली. "दादा, कोनाशी बोलतोस रे?"

त्याने हाताने 'गप' अशी खूण केली. ती आत जाऊन परत आली, तरी तो तसाच उभा. तिने रिसीव्हर ओढून स्वतःच्या कानाला लावला.

"अरे, फोन मेलाय! मघाशी ईज चमकली तवाच गेला आसंल. कोनाची वाट बघतोस?"

तिकडे विदर्भात ताईही तशाच उभ्या होत्या, हा दुसऱ्या नावावर अडला आहे असे समजून. पुढे त्यांनी समूहाला लिहिले, "माझी आमटी करपली, पण मी नियम मोडला नाही." समूहात हसण्याला ऊत आला. सांगलीच्या सदस्याने लिहिले, "आपल्या समूहातला हा सर्वांत यशस्वी संवाद. दोघांपैकी एकही जण एकदाही अडखळला नाही!" फोन मेला आहे हे न कळता इतका वेळ वाट पाहण्याची चूक आमच्याखेरीज कोणाच्या हातून होईल असे मला वाटत नाही. इतर कोणीही चार वेळा 'हॅलो' म्हणून फोन आपटला असता.

त्याचे पत्र मात्र हसण्याचे नव्हते. त्याने लिहिले, की वाक्य पहिल्यांदाच पुरे झाले, कारण पलीकडे ताई थांबल्या आहेत अशी त्याची खात्री होती. प्रत्यक्षात तेव्हा कानात काहीच नव्हते. "मग मांडवात मला कसं कळणार, समोरची माणसं थांबलीत की माझ्याकडं पाठ करून बसलीत? शांतता तर दोन्हीकडं सारखीच."

हा आक्षेप अचूक होता. आमच्या नियमात एक उणीव आहे हे त्यामुळे उघड झाले. वाट पाहणे पुरेसे नाही. आपण वाट पाहत आहोत, हे पलीकडच्याला कळले पाहिजे. ताईंनी त्याच दिवशी नियमात भर घातली: थांबलात तर नखाने रिसीव्हरवर हलके टकटक करत राहा, म्हणजे आपण आहोत हे कळेल.

मांडवात टकटक करता येणार नव्हती. त्याचा मार्ग त्याने स्वतःच काढला. "सर, तुमी माझ्या बाजूला बसा. टॉवेलाखाली तुमचा हात धरतो. मी सोडला, तर तुमी वाक्य पुरं करा. धरला आसंल तोवर बोलनी चालू."

साखरपुड्याच्या दिवशी मी किन्हवलीवरून मुरबाडला आणि तेथून धसईच्या गाडीने त्याच्या गावी पोहोचलो. घरात फोन सारखा वाजत होता. चुलते वैतागून सांगत होते, "सकालपासनं कोन हाय ते कलत नाय. उचलला की नुसता टकटक करतो आन ठेवून देतो!" बहीण तोंडाला पदर लावून हसत होती. माझ्या मित्राने पुढचा फोन स्वतः उचलला, ऐकला, नखाने रिसीव्हरवर उत्तर दिले आणि ठेवला. त्याचा चेहरा त्यानंतर थोडा सैल झाला.

पाहुणे सतरंजीवर बसले. तो उभा राहिला, मी त्याच्या शेजारी. त्याच्या खांद्यावरचा टॉवेल आम्हा दोघांच्या हातांवर आला. पहिले नाव, म्हणजे बहिणीचे, थोड्या प्रयासाने निघाले. दुसऱ्या नावावर, वडिलांच्या नावावर, तो अडला.

मांडवात चुळबुळ झाली. कोणीतरी म्हणाले, "पानी द्या त्याला, पानी." आतून बहिणीचा आवाज आला, "पानी नको. थांबा जरा." चुलत्यांनी तोंड उघडले. आणि ते नाव माझ्याही ओठांवर तयार होते. शिक्षकाला दुसऱ्याचे उत्तर पुरे करण्याची सवय असते, आणि ज्याने स्वतः हे आयुष्यभर सोसले त्यालाही ती सुटत नाही. परंतु टॉवेलखाली त्याने माझा हात इतका घट्ट धरला होता, की बोटे दुखू लागली. बोलणी चालू होती. मी हाताने चुलत्यांना थांबवले आणि माझे तोंड मिटले.

तेव्हा मुलाचे आजोबा, पांढरी टोपी घातलेले वृद्ध गृहस्थ, मांडी बदलून थोडे पुढे सरकले आणि त्याच्या तोंडाकडे पाहत म्हणाले, "बोल बाला. आमी बसलोय."

वडिलांचे नाव आले. मग मुलाचे. दोन्ही वेळा बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ म्हातारा नजर न हलवता बसून होता. शेवटी 'दिली' हा शब्द मात्र एका दमात बाहेर पडला, आणि त्यानंतरच माझा हात सुटला.

"दिली म्हनलास ना? झालं तर मंग," आजोबा म्हणाले. "आमच्या घरात सगले भराभरा बोलतात. आयकतं कोन?" मांडव हसला. चुलतेही हसले, जरा उशिराने.

सोयरीक टिकली. त्या रविवारी शहापूरच्या दुकानातून मी ही हकिगत समूहाला लिहिली. उत्तरे आली ती बहुतेक एकाच शब्दाची होती: टकटक.

आता उत्तर. त्याला आधार मिळाला असे मी म्हणतो, कारण जे वाक्य तो एकटा म्हणू शकत नव्हता ते त्याने चारचौघांत म्हटले. आणि तो आधार कोणत्याही उपदेशातून आलेला नव्हता. दूरदूरच्या माणसांनी आपली आमटी करपू देऊन त्याच्यासाठी वाट पाहिली, आणि आपण आहोत हे ती त्याला कळवत राहिली, यातून तो आला. त्या आजोबांनी आमचा समूह कधी पाहिला नव्हता, तरी आमचा सुधारलेला नियम त्यांनी मांडवात बिनचूक पाळला, याचे मला आजही नवल वाटते.

परंतु एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही, हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. म्हणून वाचकांना विनंती करतो. आपल्यासमोर कोणी बोलताना अडखळला, तर त्याचा शब्द पुरा करू नका. त्याच्याकडे पाहत राहा, आपण थांबलो आहोत हे त्याला दिसू द्या, आणि काय होते ते स्वतः तपासून पाहा.