दाइयाचा दक्षिण तीर

आमचे चिरंजीव हातात निळा झेंडा घेऊन बसच्या दारात उभे होते. झेंडा रुमालाएवढा आणि चेहऱ्यावर गिऱ्हाईक दिसलं की दुकानदार चढवतो तसं हसू. "या मंडळी, सावकाश चढा, पायरी उंच आहे." सातारा-सांगलीकडची बसभर मंडळी त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. आपल्या मुलखातला पोरगा जपानात फाडफाड जपानी बोलतो म्हणजे केवढं! मी मात्र पहिल्या बाकावर तोंड वाकडं करून बसलो होतो. हा मुलगा आपला आहे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही सांगितलं नव्हतं.

मी वाईचा. उभा जन्म कृष्णेच्या घाटावर भिक्षुकी केली. आता गुडघे पायऱ्या उतरू देत नाहीत, आणि पिढ्यानपिढ्या आमच्या घरी येणारे यजमान दुसरं दार शोधायला लागलेत. चिरंजीवांना परत न्यायला मी विमानात बसलो होतो. आमच्या आजोबांच्या काळी समुद्र ओलांडणाऱ्याला प्रायश्चित्त घ्यावं लागे, मला ते विमानातल्या जेवणातच मिळालं. आल्या आल्या मी विषय काढला, तर तो म्हणाला, "बाबा, एक दिवस माझ्या सहलीला चला. संध्याकाळी विचारा, खरं उत्तर देईन." म्हणून ही वरात.

पहिलं देऊळ आलं. दारात दगडी कुंड, त्यावर बांबूच्या पळ्या. चिरंजीवांनी माईक तोंडाला लावला. आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग ओंजळीतलं पाणी तोंडात घेऊन चूळ बाजूला टाकायची. देवापुढे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. मी ऐकतच राहिलो. वयाच्या सोळाव्या वर्षी याच गृहस्थाने आमच्या माजघरात उभं राहून मला विचारलं होतं, "लोकांना हात धुवायला सांगायचं, पाणी सोडायला सांगायचं, यात कसली आलीय अक्कल?" आता तेच सांगायला पगार होता, बस होती आणि माईक होता. घाटावर मला माईक नव्हता, एवढाच काय तो फरक.

आमची मंडळी तरी कमी होती का! सांगलीचे एक निवृत्त बँकवाले गृहस्थ कुंडाशी गेले, बूट-मोजे काढले आणि पळीने खळाखळा पाय धुतले. वर डोळ्यांना पाणी लावलं आणि बाटली भरून घेतली, घरी तीर्थ न्यायला. तिथला सेवेकरी धावत आला. मला वाटलं, आता आमच्या झेंडेवाल्याची भंबेरी उडणार. पण तो सेवेकऱ्यापुढे कमरेत वाकला, काहीतरी पुटपुटला, मग बँकवाल्यांना हळूच म्हणाला, "काका, इथे पाय बाहेरच धुऊन आलोय असं धरतात." काका खूश. मी घाटावर अशा माणसाला सरळ खडसावलं असतं. याचा गोडवा बघून माझं डोकं आणखीच तडकलं.

पुढच्या देवळात भविष्याच्या चिठ्ठ्या. पैसे टाकायचे, चिठ्ठी काढायची, वाईट निघाली तर तिथल्या दोरीला बांधून हात झटकून चालू लागायचं. काय सोय आहे! आमच्याकडे वाईट निघालं तर ग्रहशांत करावी लागते, त्यात निदान चार माणसं जेवतात तरी. साताऱ्याच्या एका बाईंनी चांगली निघेपर्यंत चिठ्ठ्या काढल्या.

मग डोंगरात धबधबा. तिकीट, रांग, आणि धबधबा बघायला चक्क लिफ्ट. खाली कठडा, कठड्यापाशी फोटो काढणाऱ्यांची झुंबड, आणि पाणी दूर कुठेतरी आपलं आपलं पडतंय. अंगावर एक थेंब येईल तर शपथ. आमच्या ठोसेघरला निदान पाय घसरायची तरी सोय आहे.

जेवताना माझ्याशेजारी आष्ट्याकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. नऊवारी, पायांत सुनेने घेऊन दिलेले पांढरे बूट. समोरच्या वाडग्यातल्या शेवयांकडे त्यांनी बघितलंही नाही, पिशवीतून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. अख्ख्या जपानात मला पटलेली ही पहिली गोष्ट. मी वाईचा भिक्षुक हे कळल्यावर त्या पुढे सरकल्या.

"आवं गुरुजी, आज आमच्या मालकांची तिथ हाय. फौजेत हुते. सगळा देश फिरले, मला कवा कुठं नेलं न्हाई. घरी ल्योक करतोय सगळं, पर माझ्या हातनं एवढं पाणी सोडायचं हाय. तीळ आणल्यात. हुईल का हितं?"

जपानात? मी नाहीच म्हणणार होतो. मागे उभ्या असलेल्या चिरंजीवांनी ते ऐकलं. "आजी, पुढे नदी आहे. तिथे थांबतो आपण," तो म्हणाला. मनात म्हटलं, वा, कार्यक्रमपत्रिकेत आणखी एक भर.

नदी मात्र नदीसारखी होती. काळे खडक, आवाज करत जाणारं पाणी. काठाने दगडी मूर्तींची ओळ, प्रत्येकीच्या डोक्याला लाल टोपडं आणि गळ्यात लाळेरं. देव की बारशाला आलेली लेकरं, कोण जाणे. मंडळी त्यांचे फोटो काढण्यात रमली आणि आम्ही तिघं खाली पाण्याशी उतरलो. चिरंजीवांनी माझा हात धरला होता. गुडघ्यांमुळे मला तो सोडवता आला नाही.

दोन स्वेटर आणि जाकिटाच्या आत जानवं उजव्या खांद्यावर घेताना माझी अशी काही कसरत झाली की आजी दुसरीकडे बघायला लागल्या. दर्भ नव्हता. मी बोलायच्या आत चिरंजीवांनी काठचं गवत उपटलं आणि त्याचं पवित्रक वळून आजींच्या बोटात घातलं. वळण माझंच होतं, गाठ माझीच होती. विसरला नव्हता तर. मला आशा वाटली, आणि बेट्याने इतकी वर्षं हे लपवून ठेवलं याचा रागही आला.

आजींच्या तळव्यावर तीळ दिले आणि मी संकल्प सुरू केला. आपण कुठल्या भूमीवर, कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर उभे आहोत हे त्यात सांगावं लागतं. मृताला पाणी पोचायचं तर पत्ता नको का? माझी जीभ सवयीने धावली. "भरतखंडे, दंडकारण्ये, कृष्णायाः उत्तरे तीरे..."

"बाबा," तो हळू आवाजात म्हणाला. "दाइयानद्याः दक्षिणे तीरे."

मी थांबलो. नदीचं नाव मला माहीतच नव्हतं. आणि त्या ढगाळ दरीत उत्तर कुठली नि दक्षिण कुठली, देवाला ठाऊक. त्याला मात्र आठवावंसुद्धा लागलं नव्हतं. शब्द जिभेवर घासून गुळगुळीत झालेले होते, माझ्या जिभेवर कृष्णा झालीय तसे.

मी ते शब्द त्याच्यामागून म्हटले. आजींनी अंगठ्याशेजारून पाणी सोडलं, तीळ वाहत गेले. "पोचलं बगा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि टोपड्यातल्या देवांना नमस्कार करत त्या वर चढू लागल्या.

मी खालीच उभा राहिलो. "कुणासाठी म्हणतोस इथे?"

"आईसाठी," तो म्हणाला. "दरवर्षी तिच्या तिथीला येतो. एकटाच."

त्याची आई गेली तेव्हा तो दहाव्याला कसाबसा पोचला आणि तेरावं झाल्यावर निघून गेला. वर्षश्राद्धालाही आला नाही. त्यावरून मी गावभर त्याच्या नावाने खडे फोडले होते. पोटचा पोर आईला पाणी देत नाही, हे मी घाटावर येईल त्याला सांगायचो. आणि तिला दरवर्षी दोन नद्यांचं पाणी मिळत होतं. माझे डोळे भरून आले, आणि त्याच्यासमोर भरले याचा मला संताप आला. मी चष्म्यावर शिंतोडे उडालेत असं काहीतरी बोललो.

परत जाताना बस शांत होती. बँकवाले काका तीर्थाची बाटली मांडीवर घेऊन घोरत होते. मी वाईहून तयार करून आणलेलं बोलणं मनात एकदा म्हणून पाहिलं. गुडघे, यजमान, पिढ्या, घाट. सगळं जिथल्या तिथे होतं. पण बायकोचं पाणी ज्या तीरावर पोचतं, तिथून त्याला कुठल्या तोंडाने उठवू?

बस हॉटेलसमोर थांबली. त्याने एकेकाला हात देऊन उतरवलं. मी सर्वांत शेवटी उतरलो. माईक बंद करून, झेंडा काखेत मारून तो माझ्यासमोर उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं ते दुकानदारी हसू आता नव्हतं.

"विचारताय ना, बाबा?"

"काय विचारायचं?" मी म्हणालो. "तो झेंडा नीट धर. मागच्यांना दिसत नाही."